घशातून कानात सणकणारी कळ: ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जिया कसा ओळखायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घास गिळताना घशात एका बाजूला जीवघेणी सणक उठते, कानापर्यंत जाते आणि थोड्या वेळात थांबते. डॉक्टर टॉर्च लावून घसा बघतात, तो स्वच्छ असतो. कान बघतात, पडदा ठीक असतो. रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात. मग घरचे म्हणू लागतात, 'मनाचं असेल.' मनाचं नसतं. चेहरा आणि घसा यांच्या शिरांचे (रक्तवाहिन्यांचे नव्हे, संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचे) काही आजार असेच वागतात, आणि त्यांचं निदान बरंचसं रुग्णाच्या सांगण्यावरच होतं. म्हणून काय बघायचं, काय सांगायचं आणि कशाला घाबरायचं, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवं. निदान आणि औषधं मात्र डॉक्टरांनी तपासल्यावरच.

हा नेमका कोणता आजार आहे?

मेंदूतून थेट निघणाऱ्या शिरांच्या बारा जोड्या असतात. त्यांतली नववी जोडी म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल, आणि न्यूराल्जिया म्हणजे शिरेचं दुखणं. जिभेचा मागचा भाग, टॉन्सिल, घशाची मागची भिंत आणि कानाचा मधला भाग इथल्या संवेदना ती मेंदूकडे नेते. ही शीर बिनसली की साध्या आवंढ्यालासुद्धा ती तीव्र वेदनेचा संदेश पाठवते. १९१० साली वायझेनबर्ग या डॉक्टरांनी असा एक रुग्ण नोंदवला, त्याच्या मेंदूत शिरांजवळ गाठ होती. १९२१ मध्ये विल्फ्रेड हॅरिस यांनी या दुखण्याला आजचं नाव दिलं.

आजार दुर्मीळ आहे. वर्षाला लाख माणसांत एकालाही नव्याने होत नाही. पाचव्या शिरेचा, म्हणजे चेहऱ्याचा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया त्याच्या कितीतरी पट जास्त दिसतो. काही रुग्णांना दोन्ही असतात. बहुतेकांना त्रास चाळिशी-पन्नाशीनंतर सुरू होतो.

दुखणं नेमकं कुठे होतं?

एकाच बाजूला. टॉन्सिलच्या जागी, जिभेच्या मुळाशी, घशात खोलवर, कानाच्या आत किंवा जबड्याच्या कोपऱ्याखाली. कुणाची कळ घशात सुरू होऊन कानात शिरते, कुणाची कानात उठून घशाकडे उतरते. काहींना फक्त कानच दुखतो, आणि निदान सगळ्यांत जास्त रखडतं ते यांचंच.

डाव्या बाजूचा त्रास थोडा जास्त आढळतो. कळ दोन्ही बाजूंनी येत असेल तर मागे दुसरं काही कारण आहे का, हे डॉक्टर आवर्जून शोधतात.

कळ कशी असते आणि किती वेळ टिकते?

विजेचा झटका बसावा तशी, सुरी खुपसावी तशी. एक कळ काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटांपर्यंत टिकते. मग थांबते. पण दिवसात अशा कळा कितीही वेळा येऊ शकतात, कधीकधी एकामागून एक. कळ गेल्यावर काहींच्या घशात वा कानात थोडा वेळ बोथट दुखत राहतं.

जवळून बघितलं तर हे चित्र विसरता येत नाही. समोर वरण-भाताचं ताट आहे. बाई पहिला घास तोंडात घेतात, चावतात आणि थांबतात. गिळायचं धाडस होत नाही. मान एका बाजूला कलते, डोळे मिटतात, घास खाली जातो आणि त्याच क्षणी हात झटकन कानाखाली जातो. चेहरा पिळवटतो, बोलणं अर्ध्यावर तुटतं, डोळ्यात पाणी येतं. अर्ध्या मिनिटाने त्या हात खाली घेतात, पदराने डोळे पुसतात आणि ताट बाजूला सारतात. काही रुग्ण तर थुंकी गिळायलाही घाबरतात. हातात रुमाल धरून तोंडातली लाळ त्यात टिपत बसतात. असं कुणी दिसलं तर 'नखरे करू नका, चार घास खा' म्हणण्याआधी या आजाराचा विचार करा.

कळा हंगामासारख्या येतात. काही आठवडे किंवा महिने रोजचा छळ, मग आपोआप शांतता, कधी महिनोन्‌महिने. त्या काळात चालू असलेल्या गोळीला, काढ्याला किंवा उपासाला श्रेय मिळतं आणि खरी तपासणी राहून जाते. त्रास थांबला तरी डॉक्टरांना दाखवणं सोडू नका.

कळ कशामुळे सुरू होते?

गिळल्यामुळे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. त्याखेरीज चावणं, बोलणं, खोकणं, जांभई, शिंक, मोठ्याने हसणं. गार पाणी किंवा आंबट-तिखट पदार्थ घशाला लागले की उठते. काहींना नुसता कान साफ करताना किंवा मान वळवताना येते. झोपेत नकळत आवंढा गिळला गेला तर माणूस कळेने जागाही होतो.

कळ आपण होऊन येते की काही केल्यावर येते, यावर नीट लक्ष ठेवा. 'गिळलं की येते' हे तीन शब्द डॉक्टरांसाठी बऱ्याच रिपोर्टांपेक्षा मोलाचे आहेत.

घसा दुखतोय म्हणजे टॉन्सिल नाहीत कशावरून?

टॉन्सिल सुजले किंवा घशाला जंतुसंसर्ग झाला की दुखणं दिवसभर राहतं, ठणकतं. ताप येतो, अंग दुखतं, घसा लालभडक दिसतो, जबड्याखाली गाठी हाताला लागतात. आठवड्याभरात उतारही पडतो. शिरेच्या दुखण्यात यांपैकी काही नसतं. दोन कळांच्या मधल्या वेळात माणूस बराचसा ठीक असतो.

अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स झाले, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ घेऊन झाली आणि तरी तीच सणक त्याच बाजूला येते आहे, तर चौथा कोर्स मागू नका. तपासणीची दिशाच बदलायला हवी.

चेहऱ्यात कळ येते. हा तोच आजार का?

गालात, वरच्या किंवा खालच्या जबड्यात, हिरड्यांत, नाकाच्या बाजूला कळ येत असेल तर पाचव्या शिरेचा, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा विचार आधी करावा लागतो. या शिरेच्या तीन शाखा आहेत: कपाळ-डोळ्याची, गाल-वरच्या जबड्याची आणि खालच्या जबड्याची. त्रास बहुतेक वेळा खालच्या दोन शाखांत असतो, उजवीकडे थोडा जास्त, बायकांमध्ये थोडा जास्त.

कळेची जात तीच, झटक्याची आणि क्षणिक. फरक आहे तो जागेचा आणि निमित्ताचा. इथे नुसता हलका स्पर्श पुरतो. तोंड धुताना, दात घासताना, दाढी करताना, पावडर लावताना, कुंकू-टिकली लावताना, गाडीवर बसून चेहऱ्याला वारं लागताना. पुरुष एका बाजूची दाढी वाढवून ठेवतात, बायका दुपट्ट्याने गाल झाकतात, पण तो दुपट्टाही गालाला टेकू देत नाहीत. जोरात दाबलं तर चालतं, नुसतं बोट फिरवलं तर कळ, ही या आजाराची अजब खूण.

सोपं करून सांगायचं तर स्पर्शाने चेहऱ्यात कळ आली तर पाचवी शीर, गिळण्याने घशात-कानात कळ आली तर नववी. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात आणि कानाजवळ मात्र दोघींच्या हद्दी जवळ येतात, तिथे अनुभवी डॉक्टरांनाही वेळ लागतो.

दाढ काढली तर कळ थांबेल का?

शिरेची कळ असेल तर नाही. हा प्रश्न मी मुद्दाम ठळक ठेवला आहे, कारण चांगल्या दाढा गमावलेले रुग्ण या आजारांत फार भेटतात. कळ खालच्या मागच्या दाढेपाशी जाणवते, रुग्ण बोटाने तीच दाढ दाखवतो आणि 'काढूनच टाका' म्हणून हट्ट धरतो. दाढ जाते, कळ राहते. मग शेजारची.

दातांच्या डॉक्टरांकडे जाणं चूक नाही, उलट जायलाच हवं. किडलेली दाढ, हिरडीतला पू, चीर गेलेला दात यांनीही भयंकर दुखतं. पण दाताचं दुखणं गरम-गार लागल्यावर बराच वेळ टिकतं, रात्री ठणकतं, त्या दातावर ठोकलं की दुखतं आणि एक्स-रेमध्ये बहुधा काहीतरी दिसतं. एक्स-रे स्वच्छ असेल आणि कळ सेकंदांची असेल, तर काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टचं, म्हणजे मेंदू आणि शिरांच्या डॉक्टरांचं, मत घ्या. दात परत येत नाही.

कान दुखतो, पण कानात काहीच सापडत नाही. असं का?

कानाला एकाच शिरेकडून संवेदना मिळत नाही. पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि मानेतल्या शिरा अशा सगळ्यांचे धागे तिथे येतात. त्यामुळे घशात, जिभेच्या मुळाशी, दाढेत किंवा जबड्याच्या सांध्यात बिघाड असला तरी मेंदूला वाटतं, कान दुखतोय. म्हणून कान स्वच्छ असूनही दुखत असेल तर घसा तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

आणि कृपा करून कानात कोमट तेल, लसणाचं तेल, कांद्याचा रस काहीही घालू नका. शिरेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही, आणि पडद्याला भोक असेल तर नवीन आजार विकत घेणं आहे.

कळ आली की चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. याचा संबंध आहे का?

आहे, आणि या पानावरची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच.

नववी शीर फक्त घशाची नाही. मानेतली मोठी रोहिणी जिथे दुभागते, तिथे रक्तदाबाचा अंदाज घेणारी एक जागा असते, आणि तिचा निरोपही हीच शीर मेंदूला पोचवते. तो निरोप मिळाला की मेंदू दहाव्या शिरेकरवी हृदयाची गती कमी करतो. घशातल्या कळेचा भडिमार जेव्हा मेंदूच्या मुळाशी पोचतो, तेव्हा काही थोड्या रुग्णांत या शेजारच्या यंत्रणेलाही चुकीची चालना मिळते. नाडी एकदम मंदावते, रक्तदाब पडतो, क्वचित हृदय काही सेकंद थांबतंसुद्धा. माणूस जेवता जेवता कोसळतो. कधी हातपाय झटकतात, आणि सगळ्यांना वाटतं फिट आली.

असं होणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे. पण ज्याला होतं, त्याच्या जिवाला धोका असतो. म्हणून गिळताना किंवा घशात कळ येऊन शुद्ध हरपली, अगदी क्षणभर जरी, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. तिथे सांगताना 'चक्कर आली' एवढ्यावर थांबू नका. 'आधी घशात कळ आली, मग शुद्ध गेली' असा क्रम सांगा. मग डॉक्टर कळ येत असतानाचा ईसीजी मिळवायचा प्रयत्न करतील, कदाचित चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवणारं हॉल्टर मशीन लावतील. काही रुग्णांना औषधांचा परिणाम होईपर्यंत किंवा ऑपरेशन होईपर्यंत पेसमेकरचा आधार द्यावा लागतो.

निदान होईपर्यंत अशा रुग्णाने एकट्याने जेवू नये, गाडी चालवू नये, शिडीवर चढू नये.

हा घशाचा कॅन्सर तर नसेल?

बहुतेक वेळा नसतो. पण हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि डॉक्टरांनीही 'शिरेचं दुखणं' असा शिक्का मारण्याआधी याचं उत्तर शोधलंच पाहिजे. टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर सुरुवातीला नेमकं हेच करतो: गिळताना एका बाजूला दुखणं आणि त्याच बाजूच्या कानात कळ.

आपल्याकडे तर जास्तच सावध राहायला हवं. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विडी-सिगारेट आणि दारू हे सगळे धोके माहीत असतात. राहून जाते ती मिश्री. गावागावांत बायका रोज सकाळी भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावतात, दाढ दुखली की आणखी लावतात, आणि 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू मानतच नाहीत. आई, आजी, सासूबाईंना घेऊन जाल तेव्हा हे तुम्ही सांगा.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर शिरेचं दुखणं समजून बसू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा: दुखणं सतत राहणं आणि आठवड्यागणिक वाढणं, मानेत गाठ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, थुंकीत रक्त, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, घास अडकणं, वजन उतरणं. चेहऱ्याचा किंवा जिभेचा भाग बधिर होणं हीसुद्धा धोक्याची खूण आहे. नेहमीच्या न्यूराल्जियात कळ प्रचंड असते, पण बधिरपणा नसतो.

वजनाबद्दल एक गोष्ट. न्यूराल्जियाचे रुग्णही भीतीने जेवण सोडतात आणि वाळतात. पण ते कारण आपण घरी ठरवायचं नाही. दुर्बिणीने घसा तपासून झाल्यावरच ठरवायचं.

ईगल सिंड्रोम म्हणजे काय?

कवटीच्या तळाशी, कानाखाली, सुईसारखं एक हाड असतं. ते साधारण अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब वाढलं, किंवा त्याला जोडलेला अस्थिबंध कडक झाला, तर जवळून जाणाऱ्या नवव्या शिरेला त्रास होऊ शकतो. वॅट ईगल यांनी १९३७ मध्ये हे वर्णन केलं. यात घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं, मान वळवली की दुखतं, दुखणं झटक्यापेक्षा बोथट आणि लांबणारं असतं. डॉक्टर हातमोजा घालून टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबतात, तेव्हा नेमकं तेच दुखणं जागं होतं. सीटी स्कॅनमध्ये हाडाची लांबी मोजता येते, त्रास जास्त असेल तर वाढलेला भाग काढता येतो. मात्र लांब हाड असूनही काहीच त्रास नसलेली माणसं पुष्कळ आहेत, तेव्हा नुसत्या स्कॅनवरून ऑपरेशनची घाई नको.

आणखी कशाशी गल्लत होते?

जबड्याचा सांधा बिघडला तर चावताना दुखतं, तोंड उघडताना 'कट' असा आवाज येतो, सकाळी जबडा आखडलेला असतो. कानात किंवा कानाभोवती पुरळ येऊन आग होत असेल आणि चेहरा वाकडा होत असेल तर ती नागीण असू शकते. तिथे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू होणं फार महत्त्वाचं असतं, मंत्र-तंत्रात ते दिवस घालवू नका. पन्नाशीपुढच्या माणसाला नव्याने कानशिलात डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं आणि नजर धूसर होणं असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, दृष्टीचा प्रश्न असतो.

हा आजार होतो कशामुळे?

बहुतेक रुग्णांत मेंदूच्या मुळाशी, शीर जिथून निघते तिथे, एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. वयानुसार रक्तवाहिन्या लांबतात, वळणं घेतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती शिरेवर घासते आणि शिरेवरचं संरक्षक आवरण झिजतं, वायरवरचं प्लॅस्टिक झिजून आतली तार उघडी पडावी तसं. मग गिळण्याचा साधा संदेश शेजारच्या वेदनेच्या धाग्यात शिरतो. काही थोड्या रुग्णांत मागे मेंदूतली गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या धाग्यांचं आवरण खराब होण्याचा आजार) किंवा जुनी इजा असते. वय कमी असेल तर ही कारणं जास्त कसून शोधतात.

काळजी, राग, थंडी यांनी कळा वाढू शकतात, पण आजार त्यांनी होत नाही. 'फार विचार करता म्हणून दुखतं' हे रुग्णाला ऐकवू नका.

एमआरआय नॉर्मल आला. मग आजार नाही का?

असू शकतो. एमआरआयचा पहिला उपयोग गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस नाही ना, हे बघण्यासाठी. शिरेला टेकलेली बारीक रक्तवाहिनी दिसण्यासाठी खास पातळ छेदांचा एमआरआय लागतो, साध्या मेंदूच्या एमआरआयमध्ये ती निसटते. म्हणून तपासणी लिहून देताना डॉक्टरांनी कोणत्या शिरेचा संशय आहे, हे फॉर्मवर लिहिलेलं बरं. उलट, रक्तवाहिनी टेकलेली दिसली आणि लक्षणं जुळत नसली, तर त्यावरूनही निदान होत नाही.

आणखी एक जुनी, साधी चाचणी आहे. तज्ज्ञ टॉन्सिलच्या जागी आणि घशाच्या भिंतीवर भूल देणारं औषध लावतात. नंतरचा थोडा वेळ रुग्ण बिनकळेचा गिळू शकला तर नवव्या शिरेकडे बोट जातं. ही चाचणी दवाखान्यातच करायची. घशाची भूल असताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं?

आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, घसा दुर्बिणीने तपासण्यासाठी. तिथे काही सापडलं नाही तर न्यूरॉलॉजिस्टकडे. औषधांनी भागत नसेल तेव्हा न्यूरोसर्जन. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे विभाग असतात, रांग लांब असली तरी एकाच आवारात सगळे भेटतात. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून तुमचे उपचार बसतात का, ते आधीच विचारून घ्या.

डॉक्टरांना काय सांगायचं? तिथे गेल्यावर आठवत नाही.

कुणालाच आठवत नाही. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन जुन्या फायली काढण्यात जातात. म्हणून आधी आठवडाभर वहीत लिहा. कळ कधी आली, काय करत होता, कुठे सुरू झाली, कुठे गेली, किती सेकंद टिकली, नंतर चक्कर आली का. 'मंगळवार, सकाळचा चहा, पहिला घोट, डाव्या टॉन्सिलपासून कानात, वीस सेकंद' अशी एक ओळ पुरते.

बोटाने जागा दाखवा. शक्य असेल तर घरच्यांनी कळ येतानाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, रुग्णाची हरकत नसेल तरच. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीही.

साध्या पेनकिलरने का थांबत नाही?

त्या गोळ्या सूज आणि इजेच्या दुखण्यावर चालतात. इथे सूज नाही. शिवाय गोळी विरघळून रक्तात पोचेपर्यंत कळ येऊन गेलेली असते. रोज मूठभर पेनकिलर घेत राहिलात तर कळ तशीच राहील आणि मूत्रपिंड, जठर बिघडेल.

इथे लागतात शिरेचा अतिरेकी संदेश शांत करणारी औषधं, मुळात फिट्‌ससाठी वापरली जाणारी. कार्बामाझेपीन १९६० च्या दशकापासून चेहऱ्याच्या कळेवर वापरात आहे आणि आजही पहिलं औषध तेच किंवा त्याचं भावंड ऑक्सकार्बाझेपीन. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, बॅक्लोफेनही देतात. चिठ्ठीवर 'फिटची गोळी' बघून घाबरू नका, तुम्हाला फिट्‌स आहेत असा त्याचा अर्थ नाही.

सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून मधूनमधून रक्त तपासतात. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांशी बोला. क्वचित होणारी पण गंभीर अशी ती प्रतिक्रिया असते. आशियाई वंशाच्या काही लोकांत तिचा धोका वाढवणारा जनुक असतो, त्याची रक्तचाचणी करता येते, सुरू करण्याआधी विचारून बघा. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत.

ऑपरेशन कधी करतात?

औषधं पुरेनाशी झाली, सोसेनाशी झाली, किंवा कळेबरोबर हृदय मंदावत असेल तेव्हा. कानामागे कवटीला छोटी खिडकी करून सर्जन शिरेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला सरकवतात आणि मध्ये टेफ्लॉनचा मऊ तुकडा ठेवतात. पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. पुष्कळ रुग्णांना लगेच आणि दीर्घकाळ आराम पडतो. पण हे मेंदूजवळचं ऑपरेशन आहे. ऐकू कमी येणं, आवाज घोगरा होणं, गिळताना ठसका लागणं असे धोके आहेत. कधी नववी शीर आणि दहावीचे काही धागे कापावे लागतात, तेव्हा हे धोके वाढतात. चेहऱ्याच्या कळेत सुईवाटे शीर तापवणं, फुग्याने दाबणं आणि गॅमा नाइफ (शिरेवर किरणांचा नेमका मारा) हेही पर्याय असतात. ही ऑपरेशनं सर्जनने किती केली आहेत, हे विचारण्यात काहीही वावगं नाही.

याने लकवा होतो का? मुलांना होईल का?

नाही. ही शीर वेदनेची तक्रार करते, चेहऱ्याचे स्नायू त्याने लुळे पडत नाहीत. चेहरा वाकडा झाला, बोलणं जड झालं, हातपाय गळाले तर ते वेगळं आणि तातडीचं आहे. आनुवंशिक प्रकार फारच विरळा.

घरच्यांनी काय करायचं?

जेवणाची वेळ ठरवताना गोळीचा विचार करा. डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाच्या पुरेशी आधी घेतली तर त्या वेळात दोन घास सुखाने जातात. अन्न कोमट आणि मऊ हवं: पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, दलिया, शिरा, कण्या. फ्रिजचं पाणी, लोणचं, कुरकुरीत चिवडा काही दिवस बाजूला. दर आठवड्याला वजन बघा. पाणीही पोटात जात नसेल, लघवी कमी होत असेल तर सलाईनसाठी न्यायला उशीर करू नका.

बोलताना कळ येत असेल तर मोबाइलवर लिहून बोलू द्या. फोनवर नातेवाइकांना तब्येत सांगण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, प्रत्येक 'आता कसं वाटतंय?' ला उत्तर देणं त्यांच्यासाठी खरोखर वेदनेचं आहे.

आणि त्यांच्या मनाकडे लक्ष असू द्या. सततच्या भीतीने माणूस खचतो. 'यापेक्षा मेलेलं बरं' असं कुणी म्हणालं तर वैतागातलं बोलणं समजून सोडू नका. जवळ बसा, एकटं ठेवू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं. रुग्णाला बोलणं जमत नसेल तर फोन तुम्ही लावा.